सार्वजनिक प्रकल्पांच्या हिशेबाचा दोन दिवसांचा वर्ग: पहिला दिवस भरभरून, दुसरा घाईघाईत

पुण्यात प्रभात रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत शनिवार-रविवारी भरणारा, सार्वजनिक प्रकल्पांच्या आर्थिक मूल्यमापनाचा वर्ग नुकताच पूर्ण केला. फी अडीच हजार रुपये. दोन्ही दिवसांचं जेवण, चहा आणि छापील टिपणं त्यातच आली. ओळखीतल्या काहींनी ‘जाऊ का?’ असं विचारलंय, म्हणून नीट लिहिते. ज्यांना डीपीआर (प्रकल्पांचे सविस्तर अहवाल) लिहावे लागतात, किंवा वाचून त्यांवर हरकती-सूचना द्याव्या लागतात, त्यांनी जरूर जावं. पहिला दिवस उत्तम आहे. दुसरा घाईत उरकलाय, आणि मला जो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्या घाईत राहूनच गेला.

मी जलसंपदा खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. मंगळवार पेठेतल्या कार्यालयात नोकरीचा बराच काळ अंदाजपत्रकं आणि सुप्रमाचे (सुधारित प्रशासकीय मान्यतेचे) प्रस्ताव यांत गेला. अशा प्रस्तावाला बीसी रेशोचं (लाभ-खर्च गुणोत्तराचं) परिशिष्ट जोडलेलं असतं. वार्षिक फायदा वर, वार्षिक खर्च खाली. खर्चात देखभाल-दुरुस्ती, घसारा आणि भांडवलावर १० टक्के व्याज. भागाकार दीडच्या वर आला की प्रकल्प व्यवहार्य; अवर्षणप्रवण भागात एकाच्या वर आला तरी चालतो. ते १० टक्के तक्त्यात छापलेलेच असायचे. सिमेंट, खोदाई, लीड (माल वाहून न्यायचं अंतर), लिफ्ट (उचलायची उंची) यांच्या दरांवर आम्ही तासन्‌तास वाद घालायचो. त्या १० टक्क्यांवर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. खरं तर प्रकल्पाचं भवितव्य ठरवण्यात त्याचा वाटा सिमेंटपेक्षा मोठा. मी वर्गाला गेले ती या एका आकड्यासाठी, म्हणजे डिस्काउंट रेटसाठी: पुढे मिळणाऱ्या किंवा द्यायच्या पैशाची आजची किंमत काढताना तो दरसाल किती टक्क्यांनी कमी धरायचा, तो दर.

वर्गात पंचवीसेक जण असतील. महापालिकेतले दोन कनिष्ठ अभियंते, डीपीआर करणाऱ्या कन्सल्टन्सीतली तरुण मुलंमुली, एक पत्रकार, एक सीए, नदीच्या कामात असलेल्या दोघी. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाई अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचे लॅपटॉप बंद करायला लावले आणि फळ्यावर एकच गणित लिहिलं: पन्नास वर्षांनी मिळणारा १०० कोटींचा फायदा आज किती धरायचा? प्रत्येक बाकाला वेगळा दर दिला आणि साध्या कॅल्क्युलेटरवर काढायला सांगितलं.

उत्तरं फळ्यावर आली. ३.५ टक्क्यांनी १७ कोटी ९० लाख. ७ टक्क्यांनी ३ कोटी ४० लाख. ९ टक्क्यांनी १ कोटी ३४ लाख. १२ टक्क्यांनी ३५ लाखांच्या आत. १४ टक्क्यांनी १४ लाख. फायदा तोच, वर्षही तेच. खोलीत मिनिटभर कुणी काही बोललं नाही.

हे दर बाईंनी मनाने घेतलेले नव्हते. ३.५ टक्के हा ब्रिटनच्या अर्थखात्याचा दर, २००३ पासून चालत आलेला. सिंचन प्रकल्पांचा परतावा सर्वसाधारण भागात ९ आणि अवर्षणप्रवण भागात ७ टक्के असावा, असं आपल्या नियोजन आयोगाच्या नितीन देसाई समितीने १९८३ मध्ये सुचवलं होतं. आशियाई विकास बँक वर्षानुवर्षं १२ टक्के धरायची. २०१७ मध्ये तिने तो ९ वर आणला, आणि सामाजिक क्षेत्रातल्या व गरिबांसाठीच्या निवडक प्रकल्पांना ६. १४ टक्के ही अट केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातली. परतावा किमान इतका हवा अशी अट घालणं म्हणजे दुसऱ्या बाजूने डिस्काउंट रेटच ठरवणं. तेव्हा आज पुण्यात नवा मेट्रो मार्ग आखायचा तर त्याने १४ टक्क्यांची चाचणी द्यायची, आणि त्याच राज्यात, त्याच करदात्यांच्या पैशातून माणदेशात कालवा काढायचा तर देसाई समितीच्या हिशेबाने त्याला ७ टक्के पुरे. दोन्ही ठिकाणी पैसा आपलाच. मग फरक कशासाठी? हा प्रश्न पत्रकाराने विचारला आणि तिथून वर्ग खऱ्या अर्थाने सुरू झाला.

बाईंनी दोन बाजू मांडल्या, आणि फार स्वच्छ मांडल्या. एक बाजू म्हणते, सरकारने हा पैसा प्रकल्पात घातला नसता तर तो दुसरीकडे कुठेतरी कमावत असता. कारखान्यात, शेतात, उद्योगात त्याला जो परतावा मिळाला असता, तेवढा तरी या प्रकल्पाने द्यायला हवा. या वाटेने गेलं की दर चढा निघतो, कारण आपल्यासारख्या देशात भांडवल दुर्मीळ. दुसरी बाजू म्हणते, प्रश्न भांडवलाचा नाही, माणसांचा आहे. आजच्या माणसाच्या एका रुपयाला आणि उद्याच्या माणसाच्या एका रुपयाला आपण समाज म्हणून किती किती महत्त्व देतो, ते आधी सांगा.

दुसऱ्या बाजूचं सूत्र १९२८ सालचं. केंब्रिजचा फ्रँक रॅम्से तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. सव्वीसाव्या वर्षी तो गेलाही. सूत्र दिसायला छोटं: दर बरोबर डेल्टा, अधिक ईटा गुणिले जी. डेल्टा म्हणजे निव्वळ अधीरता, उद्याचं सुख ते उद्याचं म्हणूनच कमी मानणं. रॅम्सेला ते नीतीच्या दृष्टीने अजिबात समर्थनीय वाटत नव्हतं; ते कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येतं, असं त्याने स्पष्ट लिहिलं. जी म्हणजे माणशी उत्पन्नाची वाढ. आणि ईटा सांगतो की माणूस जसजसा श्रीमंत होतो तसतशी त्याच्या पुढच्या रुपयाची किंमत किती वेगाने घसरते. ब्रिटनचे ३.५ टक्के असेच जुळतात: डेल्टा १.५ (त्यात मोठ्या संकटांची शक्यताही धरलेली), ईटा १, जी २.

महापालिकेतल्या एका मुलाने चांगली शंका काढली. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानकडून घेतलेल्या कर्जाचा व्याजदर ०.३० टक्के आहे, मग हिशेबात तोच का धरू नये? बाई म्हणाल्या, तो दर जपानने आपल्याला कोणत्या अटींवर पैसे दिले एवढंच सांगतो, तेही येनमध्ये. त्या प्रकल्पात जी जमीन, जे सिमेंट, जी माणसं अडकली ती दुसऱ्या कोणत्या कामाला आली असती, हे त्यातून कळत नाही. कर्ज स्वस्त मिळालं म्हणून महापालिकेची ताळेबंदाची बाजू सोपी होते; समाजाचा हिशेब बदलत नाही. हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

चालू किमती आणि स्थिर किमती यांची गल्लत हा भाग त्यांनी थोडक्यात पण ठासून घेतला. बँकेत मुदत ठेवीवर ७ टक्के मिळत असतील आणि महागाई ४ टक्के असेल, तर खरा परतावा जेमतेम ३. अहवालात फायदे आजच्या किमतींना धरायचे आणि दर महागाईसकट लावायचा, असं केलं की दूरच्या वर्षांचे फायदे दोनदा कापले जातात. माझ्या शेजारी बसलेली कन्सल्टन्सीतली मुलगी हे ऐकून आपली जुनी फाइल उघडून बसली.

दुपारच्या जेवणानंतरचं गणित मात्र माझ्या दृष्टीने अख्ख्या फीचं मोल देऊन गेलं. एकाच लाभक्षेत्राला पाणी द्यायच्या दोन वाटा. प्रवाही कालवा: सुरुवातीला १०० कोटी, मग वर्षाला १ कोटी देखभाल. उपसा योजना: सुरुवातीला ६० कोटी, पण वीजबिल आणि पंपांसह वर्षाला ५ कोटी. दोन्हींचं आयुष्य ५० वर्षं, पाणी सारखंच. कोणती घ्यायची? म्हणजे प्रश्न इतकाच की आज वाचणारे ४० कोटी मोठे, की पन्नास वर्षं दरसाल द्यायचे जादा ४ कोटी. १२ टक्क्यांनी त्या जादा खर्चाचं आजचं मूल्य येतं ३३ कोटी, उपसा स्वस्त. ९ टक्क्यांनी येतं ४४ कोटी; कालवा स्वस्त. ७ टक्क्यांनी ५५ कोटी, मग तर वादच नाही. मी तिथल्या तिथे आमच्या खात्याच्या पद्धतीनेही करून पाहिलं: ४० कोटींवर १० टक्के व्याज म्हणजे बरोबर ४ कोटी, त्यावर घसारा चढला की कालवा महाग ठरतो आणि उपसा जिंकतो.

हे मी बाईंना दाखवलं. त्यांनी मला फळ्याजवळ बोलावून ते सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. उपसा योजनांचं पुढे काय होतं हे कृष्णा खोऱ्यात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. पंपगृह उभं असतं, पाइप पुरलेले असतात, आणि वीजबिल थकलं म्हणून आवर्तन लांबतं. शेतकरी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसतात. पाणीपट्टीतून बिल भागत नाही, मग शासनाकडे हात पसरायचे. आपण त्याला नियोजनाचा अभाव म्हणतो, वसुलीचा अभाव म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण चढा दर लावला की विसाव्या, तिसाव्या वर्षाचं वीजबिल कागदावरून पुसलंच जातं, हे त्याच्या आधीचं कारण. १२ टक्क्यांनी तिसाव्या वर्षीचे ४ कोटी आज जेमतेम १३ लाख दिसतात. ज्या पिढीला ते बिल भरायचंय तिला ते पूर्ण ४ कोटींचंच येतं. कमी दर म्हणजे मोठ्या धरणांची तरफदारी, असा एक समज आहे. इथे तो उलटा पडतो. कमी दर पुढचा खर्चही तितक्याच प्रामाणिकपणे समोर आणतो.

‘आपल्याकडे फायदे फुगवून दाखवतात, प्रकल्प रखडतात, म्हणून दर चढा ठेवलेलाच बरा’ असं सीए गृहस्थांचं म्हणणं होतं. मला ते अजिबात पटत नाही. फायदे फुगवले असतील तर फायदे कापा. लाभक्षेत्राचे हेक्टर तपासा, पीकरचना तपासा, कालव्याच्या शेपटाला पाणी पोचतं का ते पाहा. दर वाढवून शिक्षा होते ती दूरच्या वर्षांना, खोटं बोलणाऱ्याला नाही. पहिल्या पाच वर्षांचे फायदे कितीही फुगवले तरी चढा दर त्यांना फारसा धक्का लावत नाही. विलंबाबद्दल मात्र त्यांचं बरोबर आहे. खात्याच्या बीसी रेशोत फायदा पूर्ण विकसित लाभक्षेत्राचा धरतात, तो दहाव्या वर्षी येणार की तिसाव्या, हे त्या भागाकारात दिसत नाही. वर्षवार हिशेब मांडला की विलंबाची किंमत आपोआप दिसते. देसाई समितीचा तोच तर आग्रह होता. बीसी रेशो त्यानंतरही खात्यात चालूच राहिला.

वर्गात एक गोष्ट मला फार खटकली. जिथे आम्ही बसलो होतो तिथून गोखले अर्थशास्त्र संस्था चालत जाण्याच्या अंतरावर. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी तिथूनच गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी करून १९४८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सिंचनाचा फायदा पाणीपट्टीच्या वसुलीत मोजायचा नसतो. पिकात, मजुरीत, बाजारपेठेत मोजायचा असतो, हे त्यांनी गावोगावच्या आकड्यांनी दाखवलं. पुढे १९६४ मध्ये त्यांच्याच समितीने सिंचन प्रकल्पांना आर्थिक परताव्याऐवजी लाभ-खर्चाची कसोटी लावायला सांगितलं. दीडचा आकडा तिथला. ज्या शहरात हे घडलं त्या शहरातल्या वर्गात ब्रिटन आहे, अमेरिका आहे, आणि गाडगीळांचं नावही नाही! बाईंना मी हे सांगितलं. पुढच्या वेळी घेऊ म्हणाल्या, आणि त्या घेतील असं वाटतं.

दुसरा दिवस दुसऱ्या शिक्षकांचा. माणूस हुशार आहे, विषयाची जाणही आहे, पण ऐंशी-नव्वद स्लाइड आणल्या की वर्ग त्यांच्या मागे धावत सुटतो. हवामानबदलावरचा स्टर्न आणि नॉर्डहाउस या अर्थतज्ज्ञांचा वाद दहा मिनिटांत संपला. २००६ मध्ये निकोलस स्टर्न यांनी डेल्टा ०.१ टक्का धरला, त्यामुळे दर १.४ टक्क्यांच्या आसपास आला आणि ताबडतोब मोठी पावलं उचलावीत असं उत्तर निघालं. नॉर्डहाउस यांनी बाजारातल्या परताव्याशी जुळणारा बराच चढा दर धरला आणि उपाय सावकाश वाढवत नेण्याचा सल्ला दिला. एवढ्या मोठ्या वादाची किल्ली एका आकड्यात आहे, हे तरुण मुलांना थांबून समजावायला हवं होतं.

अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांचा मुद्दा मात्र त्यांनी चांगला पोचवला. दर १ टक्का असेल की ७, हे आपल्याला ठाऊक नाही, दोन्हींची शक्यता सारखी. मग सरासरी ४ धरायची का? नाही. सरासरी दरांची नाही, आजच्या मूल्यांची काढायची. शंभर वर्षांनंतरचे १०० कोटी ४ टक्क्यांनी आज २ कोटींहून कमी होतात; पण १ आणि ७ टक्क्यांनी वेगवेगळं मूल्य काढून सरासरी घेतली तर साडेअठरा कोटी. ही सरासरी १.७ टक्के दर लावल्यासारखी आहे. म्हणजे काळ जितका लांब, तितका दर उतरता हवा. ब्रिटनने ते अमलातही आणलंय: तीस वर्षांनंतर ३ टक्के, आणि असंच उतरत तीनशे वर्षांपलीकडे १. मला खडकवासला आठवलं. तिथलं मूळ दगडी धरण १८७९ चं. त्या वेळी कुणी १२ टक्क्यांनी हिशेब मांडला असता, तर शंभर वर्षांनंतर पुण्याने प्यायच्या एक कोटीच्या पाण्याची किंमत १२० रुपये निघाली असती.

सरावासाठी दिलेल्या एक्सेल फाइलमध्ये दराच्या चौकटीत १२ आधीच भरून ठेवलाय. वर्गाने दोन दिवस जे शिकवलं त्याच्या हे उलट आहे. ती चौकट रिकामी ठेवा, आणि शेजारी कारण लिहायला जागा ठेवा. टिपणं संपूर्ण इंग्रजीत आहेत. बोलणं सगळं मराठीत होतं, तर टिपणं मराठीत करणं कठीण नाही. ग्रामपंचायतीतल्या, पाणीवापर संस्थेतल्या माणसाला ती हातात द्यावीशी वाटतात.

आता राहून गेलेला प्रश्न. उद्याचा माणूस आजच्यापेक्षा श्रीमंत असेल, म्हणून त्याचा रुपया हलका धरायचा, हे ईटा सांगतो. ठीक. मग आज, याच वर्षी, जो माणूस श्रीमंत आहे त्याचा रुपयाही हलका धरायला नको का? ईटा दीड धरला, तर चौपट उत्पन्न असलेल्या माणसाच्या आठ रुपयांचं वजन गरिबाच्या एका रुपयाइतकं. धरणात ज्याची जमीन गेली त्याचं नुकसान पहिल्याच वर्षी होतं, त्यावर कुठलाही दर चालत नाही; आणि फायदा होतो बागायतदाराला, शहरातल्या नळाला. काळाच्या बाबतीत ईटा वापरायचा आणि माणसामाणसांत मात्र रुपयाला रुपया बरोबर म्हणायचं, हे मला सरळ अन्याय वाटतं. मी विचारलं. ‘तो वेगळा विषय आहे’ म्हणून स्लाइड पुढे सरकली. पानशेत, वरसगावच्या पाण्यावर वाढलेल्या शहरात हा वेगळा विषय असू शकत नाही.

माझा स्वतःचा दर विचाराल, तर सांगते. देशाचं माणशी उत्पन्न ५ टक्क्यांनी वाढतंय असं धरलं, ईटा दीड, डेल्टा १, तर साडेआठ टक्के निघतात. पण आटपाडी-जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं उत्पन्न देशाच्या सरासरीने वाढत नाही. त्याची वाढ ३ टक्के धरली तर दर साडेपाच. पाण्याच्या कामांना मी साडेपाच ते सहा धरीन, पन्नास वर्षांपलीकडे त्याहून उतरता, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर ६, ९ आणि १२ अशा तिन्ही दरांची उत्तरं छापीन. तिन्हींत उत्तर सारखं असेल तर वाद मिटला. वेगळं असेल, तर लोकांना आणि लोकप्रतिनिधींना ते दिसलंच पाहिजे. ते मागच्या परिशिष्टात छापील १० टक्क्यांच्या आड लपता कामा नये.

बाकी व्यवस्था: खोली हवेशीर, खुर्च्या पाठीला त्रास न देणाऱ्या. जेवण घरगुती, दुसऱ्या दिवशीची मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी छान होती. चारचाकी लावायला जागा नाही. बसने या किंवा डेक्कनला उतरून चालत या. पाचपैकी चार गुण देईन, त्यातला मोठा वाटा पहिल्या दिवसाचा.

नाव नोंदवताना पहिल्या दिवशी त्याच बाई शिकवणार का, हे विचारून घ्या. कॅल्क्युलेटर न्या, आणि आपल्या भागातल्या एखाद्या प्रकल्पाचा अहवाल छापून सोबत ठेवा. दुसऱ्या दिवशी स्लाइड पळायला लागल्या की त्यात डिस्काउंट रेट कोणत्या पानावर आहे ते शोधा आणि हात वर करा.